'स्वायत्त' रुग्ण: यातला 'स्व' कोणता?

प्रश्न असा आला आहे: महाविद्यालय स्वायत्त असतं, एखादं मंडळ स्वायत्त असतं, मग वैद्यकीय नीतिशास्त्रात रुग्णाची 'स्वायत्तता' का म्हणतात? 'स्वातंत्र्य' का नाही?

'आयत्त' म्हणजे अधीन. 'वेणीसंहार' नाटकात कर्ण म्हणतो, 'दैवायत्तं कुले जन्म मदायत्तं तु पौरुषम्' : जन्म दैवाच्या हाती, पौरुष माझ्या. तेव्हा स्वायत्त म्हणजे स्वतःच्या अधीन असलेला. 'स्वतंत्र'ची फोडही जवळपास अशीच होते, पण रूढ वापरात त्याला 'मोकळा' हा अर्थ चिकटला आहे. अडवणारं कुणी नसलं की माणूस मोकळा. स्वतःच्या अधीन आहे म्हणायचं, तर 'स्व' कोण हे आधी सांगावं लागतं, आणि तिथेच मतं फुटतात.

जर्मन तत्त्वज्ञ कांटच्या लेखी (१७८५) स्वायत्तता म्हणजे विवेकाने स्वतःला नियम घालून देणं. लहरीमागे जाणारा त्याच्या हिशेबी स्वायत्त नाहीच. इंग्रज तत्त्वज्ञ मिलने १८५९ मध्ये माणसाला स्वतःच्या शरीर-मनाचा सार्वभौम धनी मानलं. संमतीपत्रावरची सही आज बहुधा मिलच्या अर्थाने वाचली जाते, शब्द मात्र कांटचा वापरला जातो.

खरी अडचण स्मृतिभ्रंशात येते. धडधाकट असताना कुणी लिहून ठेवलं, 'मला ओळख राहिली नाही तर जगवणारे उपचार नकोत.' पुढे ओळख गेली, पण तो माणूस आज गाणं ऐकून हसतो आहे. कुणाचं ऐकायचं? इंग्रज तत्त्वज्ञ लॉकसारखं 'स्व'ला जाणीव आणि स्मृतीत शोधलं, तर लिहिणारा आणि हसणारा एकच आहेत का, इथपासून शंका. कायद्याचा तत्त्वज्ञ रोनाल्ड ड्वॉर्किनने आधीच्या इच्छेला मान दिला, कारण आयुष्याला आकार देणारा तो 'स्व'. कायद्याची अभ्यासक रेबेका ड्रेसरने समोरच्या माणसाच्या आजच्या हिताची बाजू घेतली. मला ड्रेसरचं म्हणणं अधिक पटतं. दुखतं-खुपतं ते आज समोर असलेल्याला.

'स्व' नात्यांतूनच घडतो असं मानणाऱ्यांना रुग्णाने घरच्यांना विचारून ठरवणं स्वायत्ततेत उणं वाटत नाही. सल्ला आणि दडपण यांतला फरक मात्र त्यांनाही ओळखावा लागतोच.

लिहिताना एक जपावं: 'निर्णयक्षमता', म्हणजे समजून-उमजून निर्णय घेता येणं, स्वायत्ततेहून वेगळी. ती डॉक्टर तपासू शकतो, विशिष्ट निर्णयापुरती, आणि ती सकाळ-संध्याकाळ बदलूही शकते. भाषांतरांत दोन्हींसाठी 'स्वायत्तता' वापरणं तेवढं टाळावं.