आज सही नको

प्रश्न : आम्ही मालवणचे गाबीत, मच्छीमार. वनखात्याच्या लोकांनी वडिलांची होडी अडवून जाळं नेलं. वडील म्हणतात, आम्ही बफरमध्ये, म्हणजे अभयारण्याच्या गाभ्याभोवतीच्या पट्ट्यात, होतो. 'अभयारण्यात मासेमारी केली असं लिहून द्या, रक्कम भरा, प्रकरण मिटेल,' असं वनखात्याचे लोक सांगतात. सही करावी का?

उत्तर : आज नको. वडील गुन्हेगार ठरलेले नाहीत, हे त्यांना आधी सांगा.

मात्र बफरच्या भरवशावर राहू नका. मालवण सागरी अभयारण्य 1987 साली जाहीर झालं. एकूण 29.122 चौरस किलोमीटर, त्यात गाभा, म्हणजे सर्वांत कडक संरक्षणाचा भाग, 3.182. किनाऱ्यावर सगळे म्हणतात, बफरमध्ये चालतं. पण वन्यजीव कायद्याच्या अभयारण्याच्या कलमांत बफर हा शब्दच नाही. परवान्याशिवाय वन्यजीव नष्ट करण्याची किंवा नेण्याची कलम 29 ची बंदी पूर्ण हद्दीला आहे. बफरमध्ये मिळते ती सवलत, हक्क नव्हे. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या गाभ्यात तर जाळं टाकूच नका. तिथल्या प्रवाळांत माशांची पिल्लं वाढतात, नुकसान शेवटी आपलंच.

सहीचा विचार करण्याआधी पंचनाम्याची प्रत लेखी अर्ज देऊन मागा. होडी कुठे होती याचे अक्षांश-रेखांश त्यात आहेत का, ते पाहा. नसतील तर तो तुमच्या बाजूचा मोठा मुद्दा आहे. तडजोडीची रक्कम भरली की खटला थांबतो, पण जाळं परत मिळेलच असं नाही. जप्त वस्तू दंडाधिकाऱ्यांपुढे न्यावी लागते. तिथे ती तात्पुरती परत मागता येते. मध्य प्रदेश राज्य विरुद्ध मधुकर राव या 2008 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने जप्त वाहनाबाबत हे मान्य केलं आहे. हंगामात जाळ्याशिवाय घर कसं चालणार, हे अर्जात स्पष्ट लिहा.

खरी लढाई मात्र या जाळ्यापुरती नाही. अभयारण्याची सागरी हद्द ठरवताना स्थानिक मच्छीमारांच्या व्यवसायाचं रक्षण करा, ही अट कायद्यात 1991 साली आली, म्हणजे तुमचं अभयारण्य जाहीर झाल्यानंतर. लोकांच्या हक्कांची चौकशी जिल्हाधिकाऱ्यांनी करायची असते. ती रखडली म्हणून सर्वोच्च न्यायालयाने 1997 साली राज्यांना मुदत घालून दिली होती. मालवणसाठी लोकांचे दावे मागवणारा जाहीरनामा निघाला का, कोणाचे दावे नोंदले गेले, हे माहितीच्या अधिकारात विचारा. अर्ज मच्छीमार सोसायटीच्या नावाने करा. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, अख्खा वाडा ओढतो, तर हक्कही वाड्यानेच मांडावा.

आणि वडिलांना त्या कार्यालयात एकटं पाठवू नका. सोसायटीचे सचिव आणि वकील बरोबर असू द्या.