क्रोन्स, कोलायटिस आणि ‘आतड्याला सूज’

प्रश्न असा आलाय की रिपोर्टाचं भाषांतर करताना क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिस, या आतड्याच्या दोन्ही आजारांना मराठीत ‘आतड्याला सूज’ म्हणून भागेल का, आणि बायोप्सी रिपोर्टातल्या ग्रॅन्युलोमाला ‘गाठ’ लिहावं का.

बोलताना सूज ठीक आहे, पण लिहिताना नको, दोन आजारांतला फरकच पुसला जातो. अल्सरेटिव्ह कोलायटिसचा ‘व्रणयुक्त बृहदांत्रदाह’ हा पुस्तकी शब्दही फार कामाचा नाही कारण व्रण क्रोन्समध्येही होतात. बघायचं असतं सूज कुठे आहे आणि किती खोल आहे ते. अल्सरेटिव्ह कोलायटिस मोठ्या आतड्याचा, बहुतेक वेळा गुदाशयापासून सुरू होऊन सलग वर सरकतो आणि मुख्यतः आतल्या अस्तरातच राहतो. क्रोन्स तोंडापासून गुदद्वारापर्यंत कुठेही होतो, लहान आतड्याच्या शेवटच्या भागात जास्त, मधेमधे चांगला भाग सोडून, आणि भिंतीच्या पार बाहेरच्या थरापर्यंत जातो. म्हणून ट्रान्सम्युरलला, म्हणजे भिंतीच्या सगळ्या थरांतून गेलेल्या सुजेला, मी सरळ ‘आरपार’ म्हणेन, ‘भित्तिव्यापी’ वगैरे कुणाला कळणार! फक्त एक, कोलोनोस्कोपीत, म्हणजे दुर्बिणीने आतडं आतून बघताना, बायोप्सीसाठी चिमट्याने अस्तराचा बारीक तुकडा निघतो, खालचा थर आलाच तर थोडासा, त्यात आरपार सूज दिसूच शकत नाही, ती ऑपरेशन करून काढलेल्या आतड्यात दिसते. तेव्हा बायोप्सीच्या भाषांतरात हा शब्द पदरचा घालू नका.

आता ग्रॅन्युलोमा. ‘गाठ’ अजिबात नको, आपल्याकडे गाठ म्हटलं की घरचे कॅन्सर समजून हादरतात. मायक्रोस्कोपखाली दिसणारा मॅक्रोफेज या रोगप्रतिकारक पेशींचा घोळका आहे तो, ‘पेशींचा पुंजका’ लिहा आणि पुढे मूळ शब्द ठेवा. त्याच्या आधीचं ‘नॉन-केसिएटिंग’ मात्र गाळू नका प्लीज. केसिएशन लॅटिन केसियसवरून आलं, म्हणजे चीज. आतड्याच्या टीबीत या पुंजक्याचा मधला भाग मरून तसा भुसभुशीत होतो, क्रोन्समध्ये होत नाही, आणि आपल्याकडे टीबी इतका आहे की डॉक्टरांना आधी हाच प्रश्न पडतो. अर्थात टीबीतही प्रत्येक तुकड्यात केसिएशन सापडेलच असं नाही, आणि क्रोन्सच्या कितीतरी बायोप्सीत ग्रॅन्युलोमाच नसतो, त्यामुळे ‘ग्रॅन्युलोमा दिसला नाही’ याचं ‘क्रोन्स नाही’ करणं ही भाषांतराची नाही, अर्थाचीच चूक झाली. रिपोर्टात जेवढं लिहिलंय तेवढंच ‘दिसला नाही’ ठेवा.