वाचकांचे प्रश्न : कॉफीच्या मळ्यातील मजुरी

प्रश्न : आम्ही घरी नेहमी कर्नाटकातील कोडगूची (कूर्गची) कॉफी आणतो. हल्ली काही पाकिटांवर ‘फेअरट्रेड’, ‘रेनफॉरेस्ट अलायन्स’ असे शिक्के असतात आणि त्यांची किंमतही जास्त असते. ही जादा रक्कम फळे तोडणाऱ्या मजुरांपर्यंत पोहोचते का?
– एक वाचक, पुणे

उत्तर : सरसकट पोहोचते, असे म्हणता येत नाही. फेअरट्रेड इंटरनॅशनलचा कॉफीवरील शिक्का लहान शेतकऱ्यांच्या संघटनांसाठी आहे, मजूर लावून चालवलेल्या मोठ्या मळ्यांसाठी नाही. त्यामुळे या शिक्क्यामुळे मिळणाऱ्या किमान भावाचा लाभ आधी शेतकऱ्याच्या पदरात पडतो, आणि त्याच्याकडे तोडणीला येणाऱ्यांना त्यातले किती द्यायचे, हे बहुतांशी तोच ठरवतो. रेनफॉरेस्ट अलायन्सच्या निकषांत मजुरीच्या अटी आहेत. पण तपासनीस येऊन जातो, तोडणी मात्र साधारण नोव्हेंबरपासून फेब्रुवारी-मार्चपर्यंत चालते.

हंगामात मजुरी पुष्कळदा किलोवर ठरते. दिवसभर तोडलेली फळे संध्याकाळी पोत्यांतून काट्यावर येतात आणि मुकादम वजन वहीत मांडतो. हिरवी फळे आली, पाला आला, पोते ओले आहे, अशा कारणांनी त्यातून किलो-दोन किलो वजा झाले आणि मजुराच्या हाती चिठ्ठी नसली, तर दाद मागायची कशाच्या आधारावर? काटा सर्वांसमोर असावा आणि वजनाची चिठ्ठी त्याच दिवशी मिळावी, एवढी साधी सुधारणा मला अनेक शिक्क्यांपेक्षा मोलाची वाटते. दरवाढही परवडत नाही असे नाही. एक किलो भाजलेल्या कॉफीसाठी साधारण सहा ते सात किलो ताजी फळे लागतात. म्हणजे तोडणीचा दर किलोमागे दोन रुपयांनी वाढवला, तर भाजलेल्या किलोमागे बारा-चौदा रुपयांचाच फरक पडतो.

त्याहून अवघड प्रश्न घराचा आहे. यरव, पणिय, जेनु कुरुब या आदिवासी समाजांतील अनेक कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या मळ्यांतील ‘लाइन मने’ म्हणजे मजुरांच्या चाळींत राहत आली आहेत. घर मालकाचे असल्यामुळे काम सोडले की छप्परही जाते, मग मजुरीवर घासाघीस कोण करणार? अशा चाळी सोडून कोडगूतील दिड्डळ्ळी येथील वनजमिनीवर झोपड्या बांधलेल्या कुटुंबांना डिसेंबर २०१६ मध्ये तेथून हटवण्यात आले, तेव्हा त्यांची मागणी स्वतःच्या जागेचीच होती. १९५१ च्या मळेकामगार कायद्याने मालकावर निवास, पाणी आणि औषधोपचाराची जबाबदारी टाकली. परंतु तो किमान पाच हेक्टर क्षेत्र आणि पंधरा मजूर असलेल्या मळ्यांपुरता होता, आणि भारतातील बहुसंख्य कॉफी उत्पादक लहान आहेत. त्या कायद्याच्या तरतुदी पुढे २०२० च्या कामगार सुरक्षाविषयक संहितेत घेण्यात आल्या. मजुराच्या नावावर घरजागा होणे हाच माझ्या मते पाया आहे.

प्रश्न : आमच्याकडील ऊसतोड कामगारांप्रमाणे तेथेही उचल घेतात का? ती फिटेपर्यंत मजुराला अडवता येते का?
– एक वाचक, बीड

उत्तर : आगाऊ रक्कम देऊन मजूर बांधून ठेवण्याची रीत तेथेही आहे. उचल देणे हा स्वतः गुन्हा नाही. परंतु तिच्या बदल्यात दुसरीकडे जाण्यास मज्जाव केला, किंवा किमान वेतनाहून कमी मजुरीवर राबवले, तर १९७६ चा वेठबिगार निर्मूलन कायदा लागू होऊ शकतो. वेठबिगारी सिद्ध झाल्यास ते कर्जच रद्द ठरते आणि त्याची वसुली करणे हा गुन्हा होतो. तक्रार जिल्हाधिकारी किंवा उपविभागीय अधिकाऱ्याकडे करावी, आणि सोबत उचलीची नोंद, हजेरी व वजनाच्या चिठ्ठ्या जोडाव्यात.