शाळेत दिवसभर उभं राहून संध्याकाळी दोन्ही घोटे सुजतात. कम्प्रेशन सॉक्सचा खरंच उपयोग होतो का?

होतो, पण माप बरोबर हवं आणि ते सकाळीच चढवायला हवेत. मेडिकलच्या काउंटरवर दिवसभर उभं राहणं हीच माझी नोकरी, त्यामुळे हे मोजे मी विकतोही आणि घालतोही.

पायातलं रक्त वर ढकलायचं काम मुख्यतः पोटरी करते. चालताना ती आवळते, रक्त वर सरकतं आणि शिरांमधल्या झडपा ते खाली येऊ देत नाहीत. फळ्यासमोर एका जागी उभं राहिलं की हा पंप जवळजवळ बंद. मग शिरांतला दाब वाढतो, पाणी आजूबाजूला झिरपतं आणि संध्याकाळी चपलेचा पट्टा रुतायला लागतो. हे मोजे घोट्यापाशी सर्वांत घट्ट आणि गुडघ्याकडे सैल होत जातात. बाहेरून दाब राहिला की झिरपणं कमी होतं.

गिऱ्हाईक हमखास चपलेचा नंबर सांगतं. त्यापेक्षा घोट्यावरचा सर्वांत बारीक भाग आणि पोटरीचा सर्वांत जाड भाग टेपने मोजा, तोही सकाळी उठल्याउठल्या, आणि पाकिटावरच्या तक्त्याशी ताडून बघा. ‘घट्ट होतात, एक साइज मोठी द्या’ हा हट्ट नको. ते घसरतात, सुरकुत्या पडतात आणि नेमक्या तिथेच काचतात. वरची कड दुमडणंही तसंच वाईट. सुरुवातीला 15 ते 20 एमएमएचजी (हे दाब मोजायचं एकक) दाबाचे घ्या. त्याहून जास्त दाबाचे डॉक्टरांनी सांगितले तरच. चढवताना मोजा टाचेपर्यंत उलटा करा, पाऊल आत घाला आणि मग थोडा थोडा वर सरकवा. भांडी घासायचे रबरी हातमोजे घातले तर पकड छान येते. रात्री काढून ठेवा.

बीपीसाठी ॲम्लोडिपिन चालू आहे का? त्यानेही घोटे सुजतात. तसं असेल तर आधी डॉक्टरांना विचारा, गोळी मनाने बंद करू नका. मधुमेहाने पाय बधिर असतील किंवा थोडं चाललं की पोटरी दुखून थांबावं लागत असेल, तर विचारल्याशिवाय हे मोजे घालूच नका. एकच पाय अचानक सुजून दुखायला लागला, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागत असेल तरीही.

मोजे घातले तरी मधूनमधून टाचा उचलत राहा आणि वर्गात खुर्ची असेल तर बसा. केरळने 2018 साली आणि तामिळनाडूने 2021 साली दुकानातल्या कामगारांना बसायची सोय देणं कायद्यानेच बंधनकारक केलंय. आमच्याकडचं स्टूल मात्र अजून मालकाच्या पिशवीसाठी राखीव आहे.