कासव की वाद्य?

प्रश्न : रोमन कवी होरेसच्या एका कवितेत कवी कासवाला साद घालून त्याच्या सात तारांचे कौतुक करतो. ही अनुवादातली चूक आहे का?

उत्तर : चूक नाही, शब्दच बिलंदर आहे. लॅटिनमध्ये ‘टेस्टुडो’ म्हणजे कासव. ‘टेस्टा’ म्हणजे खापर किंवा कवच, त्यावरून हा शब्द आला. आख्यायिका अशी, की मर्क्युरी या रोमन देवाने बाळपणीच एका कासवाचे कवच पोकळ करून त्यावर तारा ताणल्या आणि पहिली लायर (हातात धरून वाजवायचे तंतुवाद्य) तयार झाली. म्हणून कवी लायरलाही ‘टेस्टुडो’ म्हणू लागले. आपल्या संस्कृतातही ‘कच्छपी’ म्हणजे कासवीण आणि वीणाही! (दोघांनी एकमेकांची नक्कल केली असे मात्र कृपया समजू नये.)

पण शब्द तिथे थांबला नाही. घुमटाकार छत म्हणजे टेस्टुडो. वेढ्याच्या वेळी तटाला भिडवायची छपराची गाडीही टेस्टुडोच. आणि सैनिक समोर, बाजूंना व डोक्यावर ढाली जुळवून पुढे सरकत, ती रचनाही. रोममधल्या सम्राट ट्राजनच्या स्तंभावर (इ.स. ११३) ती कोरलेली दिसते.

विद्यार्थिदशेत मी सीझरच्या उताऱ्याचा अनुवाद करताना सैनिकांना वीणा घेऊन तटावर पाठवले होते. सर चिडले नाहीत, फक्त विचारले, “कोणता राग?”

तेव्हापासून मी आधी आजूबाजूची क्रियापदे पाहतो. वाजते आहे की चालून येते आहे, एवढे कळले तरी पुरते.