कुत्रीचे दिवस उलटलेत, डॉक्टरकडे कधी न्यायचं?

अरे घाबरू नकोस, मेटिंगपासून ५८ ते ६८ दिवसांत कधीही पिल्लं होतात, त्यात दोनतीनदा मेटिंग झालं असेल तर नवीन माणूस हिशोबात हमखास चुकतो. तरी ६५ झाले की ती मजेत दिसली तरी सोनोग्राफी करून पिल्लांचे ठोके बघून घे. सकाळ-संध्याकाळ टेंपरेचर घेत जा (मागूनच, कान गरम लागला वगैरे नको), ९९ फॅरनहाइटच्या खाली आलं आणि २४ तासांत कळा नाहीत तर फोन कर.

लगेच गाडीत घालायचं ते हे:
- पहिल्या पिल्लाआधीच हिरवट पाणी
- अर्धा तास जोर लावतेय, पिल्लू नाही
- मलूल, उलट्या

आणि मेडिकलमधून कळांचं इंजेक्शन आणून घरी टोचू नकोस, पिल्लू अडकलेलं असलं तर गर्भाशय फाटू शकतं. रात्री फोन उचलणारा डॉक्टर आजच शोध.