एम.ए.ला इंग्रजी घेऊ का, सर?

(वाचकांच्या पत्रांना उत्तरं देणारे लेखक कॉलेजात इंग्रजी शिकवून निवृत्त झाले आहेत.)

प्रश्न : सर, मी बार्शीचा. टी.वाय.ला स्पेशल इंग्रजी आहे. कथा मात्र मराठीत लिहितो, दोन दिवाळी अंकांत छापूनही आल्यात. एम.ए.ला इंग्रजी घेतलं तर लेखक म्हणून काही उपयोग होईल का? मित्र म्हणतात, मराठीत लिहायचंय तर मराठीच घे. वडील म्हणतात, काहीही घे पण बी.एड. कर.

उत्तर : आधी वडिलांचं घेऊ, कारण त्यांचं म्हणणं हसण्यावारी नेण्यासारखं नाही. शाळेत शिकवायचं तर बी.एड. लागतंच. कॉलेजात शिकवायचं तर एम.ए. आणि वर नेट किंवा सेट ही पात्रता परीक्षा. नेटचा पहिला पेपर ५० प्रश्नांचा, दुसरा आपल्या विषयाचा १०० प्रश्नांचा, दोन्ही मिळून तीन तास. ते जमलं तरी दारात नोकरी उभी नसते. माझे कितीतरी हुशार विद्यार्थी तासिका तत्त्वावर शिकवतात. तास घेतला तर पैसे. मे महिन्यात कॉलेज बंद, की पगारही बंद. हे धरून चाल, म्हणजे पुढे कुणावर चिडायला नको.

आता मित्रांचं. इंग्रजी शिकवून मराठीत लिहिणाऱ्यांची आपल्याकडे अख्खी पंगत बसलेली आहे. विंदा करंदीकर मुंबईच्या कॉलेजांत इंग्रजी शिकवत. जी. ए. कुलकर्णी धारवाडला इंग्रजीच शिकवत. विलास सारंग मुंबई विद्यापीठात इंग्रजीचे विभागप्रमुख होते, नेमाडेही इंग्रजीचेच प्राध्यापक. यावरून इंग्रजी घेतलं की माणूस लेखक होतो असा हिशेब मात्र मांडू नकोस. अण्णाभाऊ साठे जेमतेम दीड दिवस शाळेत गेले असं सांगतात. त्यांना कुठला स्पेशल विषय होता?

तरीही मी म्हणेन, इंग्रजी घे. कारण साधं आहे. मराठी कथा-कादंबऱ्या तू कुणी न सांगता वाचणारच आहेस. चॉसर आणि मिल्टन हे जुने इंग्रजी कवी मात्र परीक्षेचा धाक असल्याशिवाय तू हातात धरणार नाहीस. मीही धरले नव्हते. आपण होऊन जे कधीच उघडलं नसतं ते विद्यापीठ आपल्याकडून वाचून घेतं, ही त्याची मोठी कामगिरी. बाकी हजेरी, सेमिनार आणि अंतर्गत गुण यांबद्दल न बोललेलं बरं.

वाचून घेतं म्हणजे काय, ते एका नमुन्यावर दाखवतो. वर्डस्वर्थची एक आठ ओळींची कविता आहे, १८०० साली छापलेली, चार-चार ओळींची दोन कडवी. पहिल्या कडव्यात कवी सांगतो की मी गाढ झोपेत असल्यासारखा निर्धास्त होतो. तिला वयाचा, काळाचा स्पर्शच होणार नाही असं मला वाटत होतं. सगळं भूतकाळात. दुसऱ्या कडव्याच्या पहिल्याच ओळीत 'आता' हा शब्द येतो. आता तिच्यात हालचाल नाही, शक्ती नाही, तिला ऐकू येत नाही, दिसत नाही. दगडधोंडे आणि झाडं यांच्यासोबत ती पृथ्वीच्या रोजच्या फेऱ्यात फिरते आहे. संपली कविता. गाईडमध्ये लिहिलेलं असतं की कवीची प्रेयसी वारली, कवीला दुःख झालं, कवी निसर्गप्रेमी होता, आणि पोरं हे दहा मार्कांना उतरवून काढतात. पण कवितेत ती मेली असं कुठेही म्हटलेलं नाही, कुणी रडलेलंही नाही. ती मेली कुठे? दोन कडव्यांच्या मधल्या कोऱ्या जागेत. हे एकदा दिसलं की मग तुझी कथा काढ आणि बघ, आजी वारते त्या पानावर तू किती ओळी रडारड घातली आहेस. (तुझी कथा मी वाचलेली नाही. पण आजी असणारच.)

गाईड आधी वाचायचं नाही, एवढं पथ्य पाळ. केंब्रिजमध्ये आय. ए. रिचर्ड्स या समीक्षकांनी कवींची नावं काढून टाकलेल्या कविता विद्यार्थ्यांना दिल्या आणि काय वाटलं ते लिहून मागितलं. १९२९ साली त्याचं पुस्तक झालं. नावाचा आधार गेल्यावर भल्याभल्यांची भंबेरी उडाली. डनसारख्या मोठ्या कवीची कविताही पुष्कळांना आवडली नाही. हा प्रयोग तुम्ही चार मित्र चहाच्या टपरीवरही करू शकता. थिअरीच्या, म्हणजे साहित्यसिद्धांताच्या पेपरचं भय असेल तर विंदांनी ॲरिस्टॉटलचं काव्यशास्त्र मराठीत आणलंय, तिथून सुरुवात कर. फूको-देरिदा हे फ्रेंच विचारवंत नंतर. मूळ कादंबरी न वाचता फूको घोकणारी मुलं मी फार पाहिली.

प्रश्न : सर, माझ्या मुलीला इंग्लंडमधल्या विद्यापीठात बी.ए.ला प्रवेश मिळतोय. विषय इंग्रजी साहित्य आणि क्रिएटिव्ह रायटिंग. लिहायला शिकवतात म्हणजे नक्की काय करतात? घरात सगळे म्हणतात पैसे पाण्यात जातील. (ठाणे)

उत्तर : ताई, लिहायला शिकवतात म्हणजे मुख्यतः एकमेकांचं लिहिलेलं वाचायला लावतात. याला वर्कशॉप म्हणतात, आणि त्याची घडी अमेरिकेत आयोवा विद्यापीठात १९३६ पासून बसत गेली. साधारण रीत अशी : मुलीने आपली कथा आठवडाभर आधी सगळ्यांना पाठवायची. वर्गात दहा-पंधरा मुलं आणि एक शिकवणारे. सगळे त्या कथेवर बोलणार, आणि बऱ्याच वर्गांत जिची कथा तिने तोवर तोंड उघडायचं नाही. 'मला असं म्हणायचं नव्हतं' ही सोय बंद. आपल्याकडे कौतुकाच्या टाळ्यांवर वाढलेल्या मुलांना पहिलं सत्र फार जड जातं. माझी एक विद्यार्थिनी तिकडे शिकली. तिच्या कथेची पहिली दोन पानं वर्गाने एकमुखाने काढून टाकायला सांगितली होती. पानं खरोखरच नको होती, मी ती आधी वाचून 'छान' म्हटलं होतं तरी!

इंग्लंडमध्ये या शिक्षणाला वजन आलं ते नॉरिचच्या ईस्ट अँग्लिया विद्यापीठामुळे. तिथे १९७० साली माल्कम ब्रॅडबरी आणि अँगस विल्सन या कादंबरीकारांनी लेखनाचं एम.ए. सुरू केलं. पुढे कादंबरीकार म्हणून गाजलेला इयन मॅक्यूअन हा पहिला विद्यार्थी. कादंबरीकार काझुओ इशिगुरो १९८० साली तिथून बाहेर पडले आणि २०१७ साली त्यांना नोबेल मिळालं. अशी नावं माहितीपत्रकात हटकून असतात. उरलेल्या शेकडो मुलांचं काय झालं ते नसतं. शिवाय ते एम.ए., तुमच्या लेकीचं बी.ए. अठराव्या वर्षी लिहिण्यापेक्षा वाचायला जास्त मिळावं, म्हणून अभ्यासक्रमात साहित्याचा वाटा किती आणि लेखनाचा किती, ते नीट मोजून घ्या. साहित्य निम्म्याहून कमी असेल तर मी तरी दुसरं विद्यापीठ बघेन.

पदवी तीन वर्षांची. आठवड्याला वर्ग जेमतेम दहा-बारा तास. बाकी वेळ मोकळा नसतो, आठवड्याला एक कादंबरी संपवायची असते. लेखनाच्या पेपरला परीक्षा क्वचितच. कथा-कवितांचा पोर्टफोलिओ द्यायचा आणि सोबत आपण काय, का केलं यावर निबंध. आणि मार्कांचं आत्ताच सांगून ठेवतो. तिथे ७० म्हणजे फर्स्ट क्लास. मुलगी ६२ पडले म्हणून रडत फोन करेल, तुम्ही पेढे वाटा.

पैशांचं मात्र घरच्यांचं खरं आहे. तिथल्या मुलांच्या फीला सरकारने मर्यादा घातली आहे, परदेशी मुलांच्या नाही. वर्षाला वीस हजार पौंड आणि त्याहून वर धरा, राहणं-खाणं वेगळं. सत्र चालू असताना विद्यार्थी व्हिसावर आठवड्याला २० तासच काम करता येतं, त्यातून फी निघत नाही. पैसे बाजूला ठेवलेले असतील तर खुशाल पाठवा. घर गहाण टाकायचं असेल तर मुळीच नको, इथे बी.ए. करू दे, चांगली ग्रंथालयं मुंबईतही आहेत. शिष्यवृत्ती मिळाली तर एम.ए.ला जाईल, आणि तोवर वर्कशॉपमध्ये फाडून घेण्याजोगं काही लिहूनही झालेलं असेल.

प्रश्न : मी नागपूरचा, बँकेतून निवृत्त होतोय. बी.कॉम. आहे. इंग्रजी साहित्यात एम.ए. करायची फार इच्छा आहे. या वयात, आणि बी.कॉम.वर, कोण घेईल?

उत्तर : इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ घेईल, घरी बसून शिकता येतं. कुठल्याही शाखेचा पदवीधर चालतो, वयाची अट नाही. अभ्यासक्रम दोन वर्षांचा, पण चार वर्षांपर्यंत रेंगाळायची मुभा आहे. प्रवेश जानेवारी आणि जुलै अशा दोन सत्रांना. असाइनमेंट वेळेवर द्या, त्या दिल्याशिवाय तो पेपर पूर्ण होत नाही. आणि पहिल्याच आठवड्यात चॉसरची भाषा कळली नाही म्हणून पुस्तक मिटू नका. ती मोठ्याने वाचायची असते. घरचे विचारतील काय चाललंय म्हणून, सांगा अभ्यास करतोय.